तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी नवतप्यात पाहा

माझं वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. हॉर्न बसवायला, बल्ब बदलायला पोरं येतात आणि काम झालं तरी रेंगाळतात. मग हळूच निघतं, "भाऊ, सेकंड हँड स्पोर्ट्स कार केव्हा घ्याव जी? कोणत्या महिन्यात सस्ती भेटते?"

आमच्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारांची, छत उघडणारी नव्हे. पोरांच्या डोळ्यासमोर असते फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद. छत उघडणाऱ्या गाड्या युरोप-अमेरिकेत बर्फाच्या दिवसांत स्वस्त होतात, हे त्यांनी मोबाइलवर ऐकलेलं असतं आणि तेच गणित इथं लावायला बघतात. इथं थंडी म्हणजे हातात पैसा खेळायचे दिवस. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं जातं, मग कापूस, मग तूर. त्या दिवसांत घेणारे चार आणि विकणारा एक, तोही न अडलेला. पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं म्हणून भाव तुटतो, हे खरं. पण तेव्हा पावसाळ्यात बुडालेल्या गाड्याही धुऊन-पुसून बाजारात येतात. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात पाणी घुसलं, त्यानंतर मी प्रत्येक गाडीचा सीटबेल्ट पूर्ण ओढून बघतो. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही.

माझं उत्तर एकच. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की निघायचं आणि मृगाच्या आत सौदा करायचा. २५ मे ते ७ जून, एवढेच दिवस.

एक तर पेरणी तोंडावर असते. सरकीची पाकिटं, खत, पोरांच्या शाळेचा खर्च, सगळं एकदम अंगावर येतं आणि अंगणातली गाडी विकाविशी वाटते. पण माझ्या धंद्याच्या माणसाला दुसरं कारण मोठं. ४५-४६ डिग्रीत गाडी काहीच लपवू शकत नाही. मालक म्हणेल, "सकाळी या, थंड्या वेळी." तुम्ही दुपारी दोनलाच जा. एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा, इंजिनाच्या तापमानाचा काटा कुठं जातो ते बघा. ऑटोमॅटिक असेल तर बैलगाडीच्या मागं चालवल्यासारखी रेंगाळत चालवा. कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचचा गिअरबॉक्स असल्या उन्हात धक्के देतो का, ते तिथंच कळतं.

गेल्या साली एका मित्रासोबत असाच एका गावात गेलो होतो. समृद्धी महामार्गात तिथल्या एका काकाजींची जमीन गेली, त्या पैशांतून मुलानं २०१८ साली जीटी घेतली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि गाडी राहिली कापसाच्या खोलीत. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस एकीकडे, गाडी दुसरीकडे. बाहेर काढली तर रंग झकास, इंजिन एका सेल्फला चालू. एसीचा वारा मात्र फुंकर मारल्यासारखा. गॅस संपला असेल, असं मित्र म्हणाला. पण वारा थंड होता, फक्त कमी होता. मी ग्लोव्ह बॉक्सखाली आडवा झालो आणि ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, खोलला. आत मूठ-दीड मूठ कापूस, सरकीची टरफलं आणि त्यात उंदराचं साफसूफ बांधलेलं घर! ब्लोअरच्या दोन वायरी तांब्यापर्यंत कुरतडलेल्या. हीच गाडी डिसेंबरात पाहिली असती तर एसी लावायचं कोणाला सुचलं असतं?

काकाजी साडेचार लाखांवर होते. उंदीर निघाल्यावर ते स्वतःच गप्प झाले. मित्र साडेतीनवर अडून बसला. "पेरणी हाये म्हणून देऊन रायलो बाप्पा, नाही तं देल्ली नसती," काकाजी एवढंच बोलले. मी मित्राला कडुलिंबाखाली नेलं. वायरिंगचं काम तीन हजारांचं आहे, लाखाचं नाही, हे त्याला सांगितलं. चार लाखांवर सौदा झाला. मित्र अजून म्हणतो, तू माझ्याकडून आला होतास की त्यांच्याकडून?

कागदांचं थोडक्यात. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर. "नंतर करू" म्हणणाऱ्याकडून गाडीच घेऊ नका.

निघताना काकाजींनी डिकीतून विळा आणि खताची दोन रिकामी पोती काढून घेतली. ब्लोअर मी दोनदा धुतला. तरी मित्रानं एसी पूर्ण सोडला की कधीमधी कापसाचा एखादा तंतू डॅशबोर्डवर येऊन बसतो.