न्हाणीमागचा गुलाब

फोंडा तालुक्यातल्या एका सार्वजनिक वनस्पती उद्यानात गुलाब विभाग माझ्याकडे येऊन सहा महिने झाले होते. १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाच्या सुट्टीत, गर्दी होणार म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच छाटणी उरकली होती. छाटणीपासून फुलायला साधारण ४५ दिवस लागतात. हिशेब अचूक बसला. फक्त ‘ग्लॅडिएटर’ या संकरित गुलाबाच्या वाफ्यात फुलं लहान, घोसांनी आलेली. जांभ्याच्या मातीचा दोष, त्यात पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी पानं झडून झाडं खचलेली, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दुपारी केसांत अबोलीचा वळेसर माळलेल्या एक आजी त्या वाफ्यापाशी थांबल्या. फूल हुंगलं, पाटीकडे पाहिलं.

"बाय, हा तर आमच्या न्हाणीमागचा गुलाब!"

मी हसले. मग खुरपं घेऊन बुंध्याशी बसले आणि हसू तिथेच विरलं. कलमाची, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर (खुंटावर) हव्या जातीचा डोळा भरलेल्या जागेची, गाठ मातीत गाडली गेली होती. गाठीवरचं लाकूड काळं पडून वाळलेलं आणि जोमदार फुटवे सगळे गाठीखालून, म्हणजे खुंटाचे! भरलेला ग्लॅडिएटर कधीच मेला होता. वाढत होता तो एडवर्ड, खुंटासाठी वापरलेला गुलाब. पाच पानांचा तो कलमी, सात पानांचा तो खुंट, ही ऐकीव खूण मी लावून बसले होते. ती फसवी आहे. गाठ उकरून पाहण्यावाचून इलाज नाही. संध्याकाळपर्यंत माळीमामांनी नि मी सगळा वाफा तपासला. २४ झाडांपैकी १७ एडवर्ड. आणि दिवसभर लोक त्या पाटीसकट फोटो काढत होते!

पाट्या खरेदीच्या यादीवरून रंगवल्या होत्या. कुठलं झाड कधी आलं, कुठून आलं, नंतर कोणी पडताळलं का, याची नोंदच नव्हती. ती नसेल तर वनस्पती उद्यान आणि हॉटेलची बाग यांत फरक काय?

वरून हुकूम आला: उपटा. मी अडून बसले. एडवर्डला खुंट म्हणून राबवतात, पण तोही खानदानी आहे. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, त्याच्या बूर्बोन या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुलाबांच्या कुळातला हा. चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संकरातून आलेला. वास तर असा की शेजारच्या वाफ्यातले दिमाखदार संकरित गुलाब कागदी वाटावेत. शेवटी एडवर्डची सात झाडं राहिली, वेगळ्या वाफ्यात, खऱ्या नावाच्या पाटीसह. पाटीवर कंसात ‘गावठी गुलाब’ लिहायला मात्र परवानगी मिळाली नाही.

आजींनी निघताना एक फांदी मागितली होती. उद्यानातून काही न्यायला बंदी आहे, असं मी सांगत होते, तोवर माळीमामांनी कचऱ्याच्या पाटीतला एक फुटवा उचलून त्यांच्या पिशवीत खोचलासुद्धा.