फौजीची फर्माईश अन् हॉलिवूडचा उसासा

सध्या रात्री जेवणं झाली की मी मोबाईलवर जुने अमेरिकन रेडिओ शो ऐकत बसतो, अन् त्यातला एक शो डोक्यात असा बसलाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. नाव 'कमांड परफॉर्मन्स'. १९४२ साली, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना अमेरिकेच्या युद्धखात्यानं तो काढला अन् परदेशात तैनात फौजींसाठी शॉर्टवेव्हवर सोडला. फौजीनं पत्र लिहून हुकूम द्यायचा अन् मोठ्यातल्या मोठ्या स्टारनं तो पाळायचा, तेही एक पैसा न घेता. बॉब होप, बिंग क्रॉस्बी, ज्यूडी गारलंड, फ्रँक सिनात्रा, सगळे आले. गाणी, चुटके, छोटी नाटकं हे तर होतंच, पण फर्माईशी कशा यायच्या बघा, एकाला कॅरोल लँडिसचा फक्त उसासा ऐकायचा होता. गाणं नको, डायलॉग नको, नुसता उसासा! अन् तिनं तो माइकसमोर सोडलाही.

मला हे ऐकताना सारखी आपली विशेष जयमाला आठवते. शनिवारी संध्याकाळी, सातच्या बातम्या झाल्या की विविध भारतीवर एखादा हिरो, हिरोईन नाहीतर संगीतकार फौजी भाईंशी बोलायचा, मधे मधे आपल्या आवडीची गाणी लावायचा. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीन-तुरीच्या दिवसात माणसं जागलीवर जायची तर रेडिओ सोबतच जायचा, रानडुकरं आवाजानं लांब राहतात म्हणून. सेल उतरले की दिवसभर उन्हात ठेवायचे, थोडा जीव यायचा त्यात. माझा मामा फौजेत होता, त्यामुळे शनिवारी आजी कोणाला बोलूच द्यायची नाही. "चूप बसा रे, आपल्या पोराशी बोलून राह्यली ना ते," म्हणायची. मुंबईतली ती हिरोईन खरंच मामाशी बोलते आहे यावर तिचा पूर्ण विश्वास होता अन् मला आजही वाटतं आजी बरोबर होती, कार्यक्रम त्याच्यासाठीच तर होता.

आपल्याकडे हे सहज नाही झालं. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले अन् आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली, लोकं रेडिओ सिलोनकडे वळले, तिथं अमीन सयानींची बिनाका गीतमाला दर बुधवारी. मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली तेव्हा कुठं सरकारी रेडिओवर सिनेमावाल्यांना मानाची जागा मिळाली.

अमेरिकेतले बाकीचे शो पण भारी आहेत. एडगर बर्गन बाहुल्याला बोलतं करायचा, आपला अर्धवटराव समजा, पण रेडिओवर! ओठ हलले का नाही हलले कोणाला दिसणार, तरी तो शो १९३७ पासून अख्खा देश ऐकायचा, कारण चार्ली नावाचा तो बाहुला लोकांना खरा वाटायचा. अन् जॅक बेनी, ज्यानं रेडिओवर महाकंजूष माणूस रंगवला. १९४८ च्या एका एपिसोडमध्ये चोर त्याला अडवतो, पैसे का जीव, बोल. अन् बेनी गप्प. गप्पच. स्टुडिओतले लोक हसत सुटतात, चोर पुन्हा दरडावतो तेव्हा तो म्हणतो, विचार करतोय! रेडिओवर गप्प राहून हसवणं, याला केवढी हिंमत लागते.

पण माझं मन कमांड परफॉर्मन्सवरच. १५ फेब्रुवारी १९४५ चा 'डिक ट्रेसी इन बी-फ्लॅट' हा गाण्यांचा विनोदी भाग ऐकाच, क्रॉस्बी, होप, सिनात्रा, गारलंड सगळे एकाच कार्यक्रमात अन् सगळे मनापासून धिंगाणा घालतात. हे आज आपल्यापर्यंत पोचलं कारण शो मोठ्या तबकड्यांवर उतरवून फौजेच्या रेडिओ स्टेशनांना पाठवत होते, युद्ध संपलं तरी तबकड्या उरल्या.

आपली जयमाला पण अशीच उरावी असं फार वाटतं. जुने भाग विविध भारती अधूनमधून लावते, ते ऐका. अन् तुमच्याकडे काका-मामांनी टू-इन-वनवर टेप केलेल्या कॅसेट पेटीत पडल्या असतील तर बुरशी लागायच्या आत बाहेर काढा, तालुक्याला कोणी उतरवून देणारा असला तर मोबाईलमध्ये घ्या, अन् वरती तारीख तेवढी लिहून ठेवा.