तुम्ही विचारलंत म्हणून: बदलापूरहून रोज फोर्टला येणं परवडतं का?

ऑफिसात नवीन कोणी जॉइन झालं की पंधरा दिवसांत डबा खाताना हा प्रश्न येतोच. "बदलापूर? रोज? परवडतं?" आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं की हा स्वतः भाड्याने राहतोय, करार संपत आलाय आणि मालकाने भाडं वाढवायचं म्हटलंय. आजवर पंधरा-वीस जणांना मी तोंडी उत्तर दिलंय, प्रत्येकाला वेगळं, त्या दिवशी गाडीत बसायला मिळालं होतं की नाही त्यावर अवलंबून. म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी आम्ही भांडुपला होतो. वन आरके, अकरा महिन्यांचा करार, नऊ वर्षांत पाच घरं. दर शिफ्टिंगला लोखंडी कपाटाला एक नवीन पोचा, शेवटी तर एक पाय वाकला तो वाकलाच, खाली पुठ्ठा घडी करून ठेवायचो. भाडं अठरा हजार. त्याच बिल्डिंगमधला वन बीएचके विकत घ्यायचा तर नव्वदच्या पुढे, लाखात. आम्ही दोघं नोकरी करतो तरी बँकेच्या माणसाने आमच्या सॅलरी स्लिप बघून अगदी प्रेमाने सांगितलं की मॅडम, थोडं लांब बघा.

मग आलं २०२०. घरून काम सुरू झालं, एका खोलीत दोघांचे कॉल आणि मुलगा तीन वर्षांचा, मी कित्येकदा मोरीच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून मीटिंग केलीय. त्यात सप्टेंबरपासून सरकारने स्टँप ड्यूटी तीन टक्क्यांनी कमी केली, डिसेंबरअखेरपर्यंत. सगळीकडे एकच, आत्ताच घ्या, आत्ताच घ्या. एका रविवारी नवऱ्याच्या मित्राच्या गाडीतून काटई नाक्यावरून बदलापूरला गेलो, रस्ते मोकळे, तासाभरात पोचलो. पूर्वेला टू बीएचके, अडतीस लाख, बाल्कनीतून चंदेरीचा डोंगर दिसतो. एजंट म्हणाला स्टेशन पाच मिनिटांवर आहे आणि मेट्रो १४ पण येतेय, कांजूरमार्गपासून थेट. (मेट्रो १४ अजून कागदावरच धावतेय. आणि पाच मिनिटं हे अंतर एजंट लोक कशावर बसून मोजतात ते मला आजही कळलेलं नाही, रिक्षाने पंधरा लागतात.) सासूबाई सोबत होत्या, त्यांनी फक्त एक विचारलं, "पुरात पाणी कुठवर आलं होतं?" कारण २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पाण्यात अडकली होती ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं. इथे पाणी येत नाही अशी शेजारच्या किराणा दुकानदाराकडून खात्री करून घेतल्यावरच त्या लिफ्टमध्ये चढल्या. आमच्यापैकी नीट घर बघितलं ते त्यांनीच.

आता यात काय राहिलं लक्षात आलं का? लोकल. त्या वेळी लोकल सगळ्यांना खुलीच नव्हती. बायकांना ऑक्टोबरपासून अकरा ते तीन आणि मग संध्याकाळी सातनंतर परवानगी होती, पण मला जायचंच कुठे होतं, मी तर घरी. म्हणजे आम्ही आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी केली ती ज्या गाडीच्या जोरावर करायची ती गाडी एकदाही न बघता. ऑफिसने मेलमध्ये लिहिलेलं की यापुढे बहुतेक घरूनच काम, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं त्या मेलवर वीस वर्षांचं कर्ज घेऊन बसलो.

२०२२ ला आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, वर्षभरात पाचही दिवस.

पहिला सोमवार अजून आठवतो. मी मनात म्हटलं, बदलापूर लोकल इथूनच सुटते, रिकामी येणार, खिडकी घेऊ, गाणी ऐकत जाऊ. गाडी आली. लेडीज डब्यात सगळ्या खिडक्या भरलेल्या, बायका डोळे मिटून, पर्स मांडीवर, एकीने तर शालसुद्धा घेतलेली. मला वाटलं चुकून कर्जत गाडी आली की काय. शेजारी उभी होती ती म्हणाली, "नवीन का? त्या डाउन करून आल्यात." म्हणजे अंबरनाथ, उल्हासनगरच्या बायका आधी उलट्या दिशेने बदलापूरला येतात, सीट पकडतात आणि त्याच गाडीने परत मुंबईला जातात. इथे राहणारी उभी आणि दोन स्टेशनं पुढे राहणारी बसलेली! यावरून भांडणं होतात, खरी खरी होतात. पण मी त्यांना तरी काय बोलू, अंबरनाथला चढायलाच मिळत नाही म्हणून त्या बिचाऱ्या अर्धा-पाऊण तास आधी घरातून निघतात. तेव्हापासून मी पण आधीची एक गाडी पकडते. कुठली ते सांगणार नाही, आधीच गर्दी पुरेशी आहे.

गाड्या का वाढवत नाहीत, हा पुढचा प्रश्न. तर कल्याणपर्यंत फास्ट-स्लोचे वेगळे रूळ आहेत, पण कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला जायला एक आणि यायला एक, बस. त्यावरूनच आमची लोकल, त्यावरूनच पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, त्यावरूनच मालगाडी. एखादी गाडी रखडली की मागे सगळ्यांची रांग. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम चाललंय, खिडकीतून भराव दिसतो, पूल दिसतात, मी रोज त्यांच्याकडे शेजारणीच्या घरात चाललेल्या रंगकामाकडे बघावं तशी बघते.

आता हिशोब, कारण हिशोबासाठीच तुम्ही विचारता. सीएसएमटीपासून बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. घरातून स्टेशन पंधरा मिनिटं, प्लॅटफॉर्मवर दहा, गाडीत दीड तास, उतरून ऑफिसपर्यंत पंधरा. एका बाजूला दोन तास दहा मिनिटं. दोन्ही बाजू धरून महिन्याचे बावीस दिवस गुणले की पंच्याण्णव तास होतात. म्हणजे महिन्यातले चार दिवस, रात्रीसकट, मी प्रवासात असते. हे मी एकदा मोबाइलवर गुणलं आणि परत कधी गुणलं नाही.

पैशाचं म्हणाल तर लोकांना वाटतं बदलापूरला आल्यावर पैसे उरतात. आमचे नाही उरले. भाडं अठरा हजार होतं, हप्ता तेवीस हजारांनी सुरू झाला. मग २०२२ च्या मेपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि आमचा हप्ताही वाढला, वर्षंही वाढली. ट्रेनचा पास काहीच नाही हो, मुंबईत त्याच्याइतकं स्वस्त काही नसेल, पण शेअर रिक्षा, रात्री उशीर झाला की स्पेशल रिक्षा, मेंटेनन्स, उन्हाळ्यात सोसायटीचा टँकर, आणि थकून आल्यावर आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवलेलं जेवण. हे सगळं कुठल्या कॉस्टशीटमध्ये नसतं. मिळालं काय, तर दुसरी खोली मिळाली. मुलाला भिंत मिळाली जिच्यावर तो खडूने लिहितो आणि मालक फोन करत नाही. कपाट २०२१ पासून एकाच जागी उभं आहे, खाली पुठ्ठा आहेच.

लेडीज डब्याबद्दल लोकांच्या कल्पना फार गोड आहेत. आम्ही सगळ्या मटार सोलतो, भजनं म्हणतो, हळदीकुंकू करतो. करतो ना, दसऱ्याला डब्याला तोरणही बांधतो, पण मटार सोलायला कोपर हलवायला जागा लागते आणि ठाण्यानंतर ती नसते. तरी माझं बरं आहे. नवरा ऐरोलीला जातो, ठाण्याला गाडी बदलून, म्हणजे माझ्याहून कमी अंतर, पण जेन्ट्स डब्यात तो दारातच असायचा. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. त्याचा फोन वीस मिनिटं लागत नव्हता. लागला तेव्हा तो म्हणाला, "मी ऐरोलीला पोचलोय, काय झालं?" त्याला काही माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला फर्स्ट क्लासचा पास काढायला लावला, सेकंडच्या कितीतरी पट पैसे, आणि तिथेही उभाच असतो, फक्त आतल्या बाजूला. तेवढ्यासाठी देतो आम्ही ते पैसे.

पण खरं उत्तर यातलं कुठलंच नाहीये. ते मला गेल्या वर्षी मे महिन्यात कळलं, सासूबाई गावी गेल्या तेव्हा. संगमेश्वरजवळ त्यांचं माहेर, भाच्याचं लग्न, पंधरा दिवस. आम्ही म्हटलं जा की, शाळेला सुट्टीच आहे. पहिल्या दिवशी मुलगा शेजारी, दुसऱ्या दिवशी मी सुट्टी, तिसऱ्या दिवशी नवरा सुट्टी, चौथ्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या आज आमच्याकडे पाहुणे आहेत गं. त्या संध्याकाळी ठाकुर्लीच्या पुढे गाडी थांबली, सिग्नल की काय माहीत नाही, चाळीस मिनिटं, मी साडेनऊला पोचले. मुलगा वॉचमनच्या खुर्चीवर बसून त्याच्याबरोबर वडापाव खात होता. अगदी खुशीत होता, त्याला काहीच झालं नव्हतं. मीच जिन्यात बसले.

सातव्या दिवशी सासूबाईंना फोन केला तर मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "येते गं, लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी निघते." पूजा, गोंधळ कशालाही न थांबता परत आल्या.

त्यानंतर माझा हिशोब बदलला. भांडुप आणि बदलापूरमधल्या किमतीत जो पन्नास लाखांचा फरक आहे तो आम्ही वाचवला असं आम्ही सांगत फिरतो, पण तो फरक कोणीतरी भरतंच ना. थोडा मी भरते, थोडा नवरा दारात उभा राहून भरायचा, आणि मोठा वाटा सासूबाई भरतात, रोज संध्याकाळी साडेसहाला कुकर लावून, वय वर्षं सहासष्ट. त्यांना कोणी विचारत नाही परवडतं का म्हणून. मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, इथे हवा चांगली आहे. हे उत्तर आहे की उत्तर टाळणं आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून हल्ली कोणी विचारलं की मीच उलट विचारते, तुमच्या घरी संध्याकाळी साडेसहाला कोण असतं? लोक जरा नाराज होतात, त्यांना स्क्वेअर फुटाचा भाव हवा असतो. ज्याच्या घरी कोणी नाही आणि मूल लहान आहे त्याला मी सरळ म्हणते की भाड्याने राहा अजून चार-पाच वर्षं, कपाटाला पोचे पडू देत. एकटा असेल, लग्न व्हायचंय, ऑफिस ठाण्याला आहे, तर बिनधास्त घे म्हणते, ठाण्यापर्यंत पन्नास मिनिटं आहेत, ती काढता येतात. दादरच्या पुढे ऑफिस असेल तर घर रविवारी बघून सही करू नका. आदल्या रात्री इथेच कोणाकडे तरी मुक्काम करा आणि सोमवारी सकाळी सातला स्टेशनवर उभे राहा, पावसात जमलं तर उत्तमच.

आमच्या टीममधल्या एका मुलीने हे मनावर घेतलं. तिला वांगणीला फ्लॅट दाखवलाय कोणीतरी, माझ्याहूनही दोन गावं... नाही, एकच स्टेशन पुढे, पण तिथे फक्त कर्जत-खोपोली गाड्या थांबतात, त्यामुळे एक चुकली की बसा. रविवारी रात्री माझ्याकडे राहायला आली, सासूबाईंनी तिला पिठलं-भात केला, डब्यात लाडू दिले. सकाळी गाडीत चढल्यावर तिने खिडकीतल्या बाईला विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?" बाईने डोळे न उघडता सांगितलं, "सीएसटी." अख्खा प्रवास उभी होती पोरगी, भायखळ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, झालं, सुटली.

काल जेवताना म्हणाली, ताई, टोकन दिलं. मी विचारलं, अगं पण तुझ्या छोट्या लेकीचं काय, साडेसहाला कोण? तर म्हणाली, आईला विचारलं. साताऱ्याचं घर बंद करून येतेय ती.