पाण्यावरचा भात

दारू सोडून मला येत्या डिसेंबरात तीन वर्षं होतील. हॉटेलच्या किचनमध्ये काम करणाऱ्याला दिवस तसा सोपा असतो. खरं संकट रात्री साडेअकराला, बर्नर बंद झाल्यावर सुरू होतं. अंग दमलेलं, डोकं टक्क जागं, आणि 'शिफ्ट ड्रिंक', म्हणजे काम संपल्यावरचा पेला, हा तर धंद्याचा रिवाजच. त्या दोन तासांचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या किचनमधला माझा एक जोडीदार ओजिब्वे, म्हणजे तिथल्या एका मूळनिवासी जमातीचा आहे. तोही न पिणारा, माझ्या कितीतरी आधीपासून. सप्टेंबरात म्हणाला, "सुट्टी काढ, मनूमिन काढायला चल." मनूमिन म्हणजे वाइल्ड राइस. गाडीने चारेक तास वायव्येला गेलं की व्हाइट अर्थ हा त्यांचा राखीव मुलूख लागतो. त्यांच्या पूर्वजांना भविष्यवाणी झाली होती म्हणे, की अन्न पाण्यावर उगवतं तिथपर्यंत पश्चिमेला चालत राहा. तळं पाहिल्यावर पटलं. पाणी दिसतच नव्हतं, नुसत्या लोंब्या.

होडी पाण्यात ढकलण्याआधी त्याने चिमूटभर तंबाखू तळ्याला वाहिली. मग मागे उभा राहून तो लांब काठीने होडी रेटू लागला. माझ्या हातात देवदाराच्या दोन हलक्या काठ्या. एकीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने हळूच झोडायचं. पिकलेला दाणा होडीत पडतो, कच्चा वर राहतो आणि बराचसा पाण्यात पडून पुढल्या वर्षीचं बी होतो. मी उत्साहात जोरात हाणलं, तर तो हसला, "अरे, भांडू नकोस त्याच्याशी." दुपारपर्यंत कुसळं कॉलरमधून पाठीपर्यंत पोचली होती आणि तांदळातल्या अळ्या मनगटाला चावत होत्या.

जेवताना मी फ्राय ब्रेडचं विचारलं. त्याच्या मावशींनी परातीकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली. जमिनी गेल्या, शिकार गेली आणि सरकारी रेशनात मैदा न् चरबी आली, त्यातून जन्मलेली ही पुरी. मावशींना ती आईच्या हातची चव वाटते, त्याला रेशनची रांग आठवते. मी दोन खाल्ल्या. दारूची गोष्टही अशीच सरळ नाही. अमेरिकेतल्या मूळनिवासींना दारू विकायला 1832 पासून 1953 पर्यंत केंद्राची बंदी होती, तरी ती पोचायची ती पोचलीच.

भाजणी संध्याकाळी सुरू झाली. तिरक्या ठेवलेल्या लोखंडी कढईखाली लाकडं, हातात वल्हं. अखंड हलवायचं. फोनकडे बघितलंत की करपलं. हिरवट दाणा तपकिरी होत जातो, धूर त्यात मुरतो, आधी चहासारखा आणि मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो. मग मोकॅसिन, म्हणजे मऊ चामडी जोडे घालून खड्ड्यात तुडवायचं, म्हणजे तूस सुटतं. शेवटी भूर्जसालीच्या पसरट टोपलीत पाखडायचं. तेवढं मात्र मला येत होतं. आजीच्या सुपाची लय मनगटात होती. मावशींनी पहिल्यांदाच माझ्याकडे आचारी म्हणून बघितलं.

दुकानातला काळा चकचकीत वाइल्ड राइस बहुतेक शेतात पिकवलेला असतो, शिजायला पाऊण तास घेतो. हा वीस मिनिटांत फुलला. वर ब्लूबेरी आणि मेपलचा पाक.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. आईला फोन केला. ती नेहमीप्रमाणे देवभात मिळत नाही म्हणून कुरकुरत होती. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, तर नांगर न लागलेला तांदूळ ठाण्यात आणायचा कुठून? मी म्हटलं, माझ्याकडे पिशवीभर आहे. नांगर नाही, बैल नाही, वल्ह्याने भाजलाय.

"रात्री किती वाजेपर्यंत जागलास?" तिने विचारलं. हा प्रश्न ती कशासाठी विचारते, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

"दीड," मी म्हटलं. "तीन कढया झाल्या."