इंबेला जाताय? पैसे देण्याआधी पेटीचं झाकण बघा

इंबे हे जपानातल्या बिझेन नावाच्या मातीच्या भांड्यांचं गाव. या भांड्यांवरचे जे व्हिडिओ आपल्याकडे फिरतात, त्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘इंबे गावात कुठल्याही दुकानात शिरा, पाइनच्या लाकडावर भाजलेली अस्सल भांडी, थेट कलाकाराकडून, टोकियोच्या निम्म्या भावात.’ यातलं गावाचं नाव तेवढं बरोबर आहे.

मी हातघडणीची जपानी भांडी जमवते. नोकरदाराच्या पगारात बसतील तेवढीच, म्हणजे साके ही तांदळाची दारू प्यायचे छोटे पेले (गुइनोमी), एखादी सुरई, कधीमधी चहाचा वाडगा. साके मी पीत नाही, पेल्यातून कोकम सरबत उत्तम लागतं. या खेपेला सोबत भाचा होता. तो नागोयाला नोकरी करतो आणि जपानी बोलतो, म्हणून तर पुढचा सगळा घोळ निदान कळला तरी.

ओकायामा शहराहून इंबे रेल्वेने चाळीसेक मिनिटांवर आहे, पण गाडी आको लाइनचीच पकडा. सान्यो लाइनची गाडी हिगाशी-ओकायामापर्यंत त्याच वाटेने जाते आणि मग वेगळी होते; तुम्ही खिडकीतून भातशेती बघत भलतीकडे पोचाल. गाड्या साधारण तासाला एक, त्यामुळे चुकलात की बसा. शाकाहारी असाल तर ओकायामा स्टेशनवरच उमेबोशीच्या ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ भरलेले भाताचे गोळे) घेऊन ठेवा. इंबेत जेवणावर विसंबू नका.

उतरल्यावर दुकानांच्या रस्त्याकडे धावायचं नाही. स्टेशनच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बऱ्याच कुंभारांचं काम शेजारीशेजारी मांडलेलं असतं, किमतीसकट. तिथे तासभर घालवा. कोणाचा हात आवडतो आणि कोणत्या आकाराला काय भाव चालतो हे डोळ्यांत बसलं की पुढचे दुकानदार तुम्हाला सहज गुंडाळू शकत नाहीत. मंगळवारी हे दालन बंद असतं. गावातली निम्मी दारं कुठल्याही वारी बंद असू शकतात, तो भाग नशिबाचा.

आता मुद्द्याचं. बिझेनला झिलई नसते. माती भातशेताखालून काढलेली, लोहाने भरलेली आणि भाजताना भरपूर आकसणारी. घाईने तापवली तर तडकते, म्हणून लाकडाची भट्टी दहा ते चौदा दिवस अहोरात्र पेटती ठेवतात आणि हळूहळू १,२०० अंशांच्या वर नेतात. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. लाकूड पाइनचं. त्याची राख उडून भांड्यावर बसते आणि वितळते, ते तिळासारखे ठिपके म्हणजे गोमा. निखाऱ्यांत गाडल्या गेलेल्या भागाला निळसर करडा रंग चढतो, तो सांगिरी. आणि भाताचा पेंढा गुंडाळून भाजलं की फिकट अंगावर लालभडक रेघा उमटतात, ती हिदासुकी. यात रंग कुणी लावलेला नसतो, जे काही दिसतं ते आग, राख आणि पेंढ्याचं काम. इतकं लाकूड, इतके दिवस आणि त्यातही काही भांडी फुटणार. मग पेल्याला ७,००० येन मागितले तर मी कुरकुर करत नाही.

पण हिदासुकीच्या रेघांवर राख पडून चालत नाही. पूर्वी अशी भांडी मोठ्या रांजणांच्या पोटात ठेवून भाजत, आता पुष्कळ जण सरळ विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीत भाजतात. रेघा सुरेख येतात, कधीकधी जास्तच सुरेख. यात फसवणूक काही नाही. फसवणूक होते ती किंमत लाकडाची लावून.

मुख्य रस्त्यावरच्या एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला हिदासुकीची सुरई दाखवली. किंमत ३३,००० येन. भाच्याने विचारलं, ‘माकीगामा देस का?’ म्हणजे लाकडाची भट्टी ना? बाई हसून हो म्हणाल्या. भांड्यासोबत कुंभाराच्या माहितीचा कागद होता, तो भाचा वाचत उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘मावशी, इथे तर विजेची भट्टी लिहिलंय.’ कुंभाराने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. दुकानाला ते वाचणारं गिऱ्हाईक अपेक्षित नसावं. सुरई जागेवर ठेवली.

त्याच दुकानातून एक वाडगा मात्र घेतला, कारण तो खरोखर चांगला होता आणि त्यावर राखही खरी होती. तर पेटीचे वेगळे ६,००० येन! पेटीचं महत्त्व जमवणाऱ्यांना सांगायला नको. किरी नावाच्या झाडाच्या लाकडाची, झाकणावर भांड्याचं नाव, कुंभाराची सही आणि शिक्का, तो स्वतः ब्रशने करतो. हिला तोमोबाको म्हणतात. ती नसली की तेच भांडं पुढे विकताना बरंच खाली येतं. मला सांगितलं, सहीची पेटी तयार नाही, महिन्याभरात पत्त्यावर पाठवू. नागोयाला आली ती कोरी पेटी. सही नाही, शिक्का नाही, नुसतं लाकूड आणि फीत. फोन केला तर उत्तर असं की तुम्ही पेटी मागितली होती, लिखाण मागितलं नव्हतं. त्या ६,००० येनचा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही देणार नाही.

म्हणून नियम: पेटी समोर नसेल तर तिचे पैसे द्यायचे नाहीत. झाकण उघडून आतबाहेर बघायचं, सहीचा शिक्का भांड्याच्या बुडाशी असलेल्या खुणेशी ताडायचा. सही कुंभाराऐवजी त्याच्या मुलाची किंवा जाणकाराची असेल तर ती शिकिबाको. दिवंगत कुंभारांच्या बाबतीत ते रास्त आहे, हयात माणसाच्या भांड्याला असेल तर प्रश्न विचारा. आणि भाव तोमोबाकोचा देऊ नका.

भांडं हातात घेण्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवा, खांद्यावरची पिशवी खाली ठेवा, विचारा, मग दोन्ही हातांनी उचला, तेही टेबलाच्या जवळच. बूड टेबलावर डुगडुगतंय का बघा. सुरई असेल तर पाणी झिरपतं का हे मोकळेपणाने विचारा, झिलई नसलेल्या भांड्यांत हा प्रश्न गैर मानत नाहीत. घासाघीस मात्र अजिबात नाही. तुळशीबागेतलं कौशल्य घरी ठेवून या. सूट हवी असेल तर ऑक्टोबरमध्ये इंबेत भरणाऱ्या भांड्यांच्या उत्सवाच्या तारखा बघून जा.

माझा दिवस वाचला तो दुकानांचा रस्ता सोडल्यामुळे. मागच्या गल्लीत एका घराच्या ओसरीवर भांडी मांडलेली दिसली. कुंभार आजोबा स्वतः बाहेर आले, आधी चहा दिला, मग प्रत्येक पेला भट्टीत कुठल्या कोपऱ्यात होता ते हातवाऱ्यांनी सांगितलं. मी सांगिरीचा एक गुइनोमी निवडला. त्यांनी आतून पेटी आणली, शाई घोटली आणि समोर बसून लिहिलं. पेटीचे वेगळे पैसे शून्य. त्या आनंदात मी आणखी दोन पेले घेतले आणि आता सल्ला असा देते की इंबेत फक्त अशाच दारांतून शिरा, दुकानांना पाठ दाखवा. हे थोडं टोकाचं आहे, ठाऊक आहे. तरी तेच सांगेन.

राष्ट्रीय मानाच्या कुंभारांच्या नादाला आपल्या बजेटात लागू नका. कानेशिगे तोयो (१९५६ साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरले) किंवा हल्लीचे इसेझाकी जुन (२००४) यांची भांडी काचेपलीकडून बघा, पोट भरतं. स्टेशनच्या दक्षिणेला जुन्या सामाईक भट्टीचे अवशेष आहेत. लांबी पन्नास मीटरच्या वर, चुकवू नका. आमात्सु देवळाच्या भिंती आणि दारातले सिंहही बिझेनचेच. फुकट आहे.

क्योटोत नामवंत कुंभार कावाई कांजिरोंचं घर पाहिलं, छान आहे, जा.

टोकियोच्या उत्तरेकडच्या माशिकोबद्दल एवढंच: नामवंत कुंभार हामादा शोजींचं गाव, त्यांच्या आवारातलं संग्रहालय बघण्यासारखं, आणि एप्रिलअखेरीच्या सुट्ट्यांत व नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरणारा भांड्यांचा बाजार (१९६६ पासून चालू) तरुण कुंभारांसाठी सर्वात स्वस्त जागा. शेकडो तंबू, विकणारा बहुतेक घडवणाराच, पण रोजच्या वापराच्या भांड्यांना पेटी मिळत नाही. टोकियोतल्या अकिहाबाराहून थेट बस आहे, तिची परतीची जागा जातानाच आरक्षित करा. आम्ही केली नव्हती असं नाही, केली होती, आणि रांगेत हताश उभी असलेली माणसं बघून तोंडावर हसू येऊ न देणं कठीण गेलं. रोख पैसे न्या. तंबूंत करमाफी धरू नका. नोंदणी असलेल्या दुकानांत ५,००० येनच्या वर पासपोर्ट दाखवून कर वाचतो, पण नोव्हेंबर २०२६ पासून आधी पूर्ण पैसे भरून देश सोडताना परत घ्यायचे आहेत.

भारतात टपालाने पाठवायचा विचार सोडा. मला एका वाडग्यासाठी सांगितलेला खर्च वाडग्याच्या निम्म्याच्या वर होता. केबिनच्या बॅगेतच आणा. पेट्या जागा खातात, म्हणून मी पेटीत भांडं आणि मोकळ्या जागेत मोजे असं भरते. घरून एक जुनी नऊवारी नेली होती. तिच्या घड्यांत तीन पेले, वाडगा आणि त्या दुकानाची कोरी पेटी, सगळं शाबूत आलं. पावत्या वरच्या खणात ठेवा, मुंबईला कस्टम्सने विचारलंच तर बॅग उसकटावी लागत नाही.