आमची वाटचाल: दोनशे पंच्याऐंशी मिलिमीटर

वर्कशॉपमध्ये शिरलं की डाव्या हाताला खिळ्यावर एक स्टीलची पट्टी लटकवलेली आहे, तिच्यावर २८५ च्या रेघेपाशी मी स्क्रायबरने ओरखडा मारून ठेवलाय. मासेराटी २५०एफ या १९५० च्या दशकातल्या रेसिंग गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २२८० मिलिमीटर, आपण तिचं मॉडेल करतो १:८ मध्ये, भागिले आठ केलं की २८५ बरोब्बर. बाकी मापं थोडी इकडेतिकडे झाली तर सावरता येतात, हे एक माप हललं की गाडी गाडी दिसत नाही, खेळणं दिसतं. फर्म कशी सुरू झाली असं कोणी विचारलं की मी आधी ती पट्टी दाखवतो.

सुरुवातीला आम्ही दोघंच. मी पत्र्याचा माणूस आणि पार्टनर लेथचा. किट आणून जोडून विकणारे तेव्हाही होते, आम्हाला ते करायचं नव्हतं. पितळेची नळी, ॲल्युमिनियमचा पत्रा, स्टेनलेसची तार, लाकडाचा ठोकळा, एवढ्यातूनच गाडी उभी करायची. पहिली गाडी २५०एफ का, तर तिची ट्यूबची चॅसी आम्हाला दोघांनाही पाठ होती आणि ती गाडी उघडी चांगली दिसते. इनलाइन सहा सिलिंडर, ८४ बाय ७५ मिलिमीटरचं बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव), सिलिंडरला दोन-दोन म्हणजे बारा प्लग, आणि त्या बारा वायरी. बॉनेट काढून ठेवलं की लोक बोलायचे थांबतात, हे मी खूप वेळा बघितलंय.

पार्टनरने काय केलं तर चाकांचा जिग केला, म्हणजे चाक जोडताना ते अचूक धरून ठेवणारं साधन. सोळा इंची रिम १:८ मध्ये ५०.८ मिलिमीटरची होते, तिच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या तारा भरायच्या, आतली ओळ वेगळ्या कोनात, बाहेरची वेगळ्या, आणि सगळ्या सारख्या ताणात. त्याने एक जाड ॲल्युमिनियमची प्लेट घेतली, मध्ये हबसाठी खुंटी, बाहेर रिम धरायला तीन जबडे, हब रिमपेक्षा किती आत-बाहेर बसायला हवा त्यासाठी खाली शिम, म्हणजे पातळ चकती, टाकायची सोय, आणि बाजूला डायल गेज. तीन महिने फक्त जिग केला, एकही चाक न करता. मी तेव्हा चिडायचो, की अरे ऑर्डर आहे का आपल्याकडे एक तरी. पण त्या जिगवर केलेलं चाक फिरवलं की गेजचा काटा जेमतेम हलतो. आज इतक्या वर्षांनी तोच जिग आहे, जबड्यांचे स्क्रू तेवढे बदललेत.

नवीन लोकांना इथे एक सांगतो, कोणी विचारलं नाहीये तरी. तारा एका बाजूने गोल भरत जाऊ नका, रिम ओढली जाते आणि मग ती कधीच सरळ होत नाही. एक तार भरली की बरोबर समोरची भरा. आणि डाख लावताना आधी चांदीचा, मग साधा. चांदीचा डाख सहाशे डिग्रीच्या वर वितळतो, साधा दोनशेच्याही आत, उलट क्रम केला तर दुसरा जोड मारताना पहिला सुटून हातात येतो. पत्रा ठोकताना दर थोड्या वेळाने नरम करा. ॲल्युमिनियम लाल होऊन दाखवत नाही, सरळ वितळून पडतं, म्हणून त्याच्यावर साबण घासायचा आणि मागून फ्लेम द्यायची, साबण काळा पडला की थांबायचं. मी दोन नोज कोन वितळवल्यावर हे शिकलो.

काका आमचे पहिले गिऱ्हाईक. काका म्हणजे नात्याने नाहीत, पण पहिल्या दिवसापासून काकाच. ते आले तेव्हा हातात फोटोंची जाड फाईल आणि खिशात भिंग. आम्ही अर्धवट झालेली चॅसी दाखवली, ती त्यांनी भिंगातून दहा-पंधरा मिनिटं बघितली आणि विचारलं, "ही गाडी थांब्याच्या आधीची का नंतरची?"

ज्यांना माहीत आहे त्यांना लगेच कळलं असेल. ४ ऑगस्ट १९५७, न्यूरबुर्गरिंग, जर्मन ग्रां प्री, बावीस लॅप. २५०एफ चालवणाऱ्या फांजिओने अर्धी टाकी भरून सुरुवात केली, हलकी गाडी आणि मऊ टायर, मध्ये थांबायचं हे ठरवूनच. बाराव्या लॅपला थांबला, इंधन भरलं, मागची चाकं बदलली, आणि तो थांबा इतका लांबला की हातातली आघाडी गेली आणि हॉथॉर्न-कॉलिन्सच्या दोन्ही फेरारी पुढे निघून गेल्या. मग त्याने लॅप रेकॉर्ड मोडायला सुरुवात केली, मोडलेला परत मोडला, विसाव्या लॅपला ९ मिनिटं १७.४ सेकंद, आणि शेवटी दोघांनाही मागे टाकून जिंकला. पाचवं विजेतेपद, वय ४६, आणि त्याची शेवटची ग्रां प्री जीत. काकांना ती गाडी नंतरची हवी होती. म्हणजे नाकावर बारा लॅपचा मळ, पुढचे टायर घासलेले आणि मागचे कोरे. मला त्या दिवशी कळलं की मॉडेल कुठल्या गाडीचं एवढं पुरत नाही, कुठल्या मिनिटाचं हेही लागतं. २५०एफ च्या बाबतीत तर जास्तच, एकूण २६ च्या आसपास गाड्या झाल्या आणि त्यातली प्रत्येक सीझनभर बदलत राहिली, त्यामुळे म्युझियममधली रिस्टोअर केलेली गाडी बघून काम करू नका, त्या दिवसाचा फोटो शोधा. फोटोतून माप काढायचं तर चाक ही तुमची फूटपट्टी, रिमचं माप माहीत असतं, त्यावरून बाकीचं.

काकांची गाडी त्यांना आवडली, त्यांनी अजून चौघांना सांगितलं, आणि मग आम्ही ठरवलं की पंचवीस गाड्यांची एक बॅच काढायची. बॉडी प्रत्येक वेळी हाताने ठोकणं शक्य नव्हतं, म्हणून एक मास्टर, म्हणजे मूळ नमुना, केला, त्यावरून सिलिकॉनचा साचा, साच्यातून रेझिनची बॉडी. चॅसी आणि चाकं मात्र हातचीच. साचा आणि रेझिन दोन्ही थोडे आकसतात म्हणून मास्टर तेवढा मोठा ठेवला, बाहेर पडणारी बॉडी पट्टीवर २८५ ला बसायलाच हवी. पहिला साचा वाया गेला, मास्टरची पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) बांधायला वापरलेल्या क्लेमध्ये गंधक होतं आणि प्लॅटिनमवाला सिलिकॉन तिथे चिकटच राहिला, सुकलाच नाही. हे लिहून ठेवा, क्ले घेताना गंधक नसलेलीच घ्या, आणि रबरी हातमोजे घालून तो सिलिकॉन कालवू नका.

पुढची पाच-सहा वर्षं नीट गेली. लोटस झाली, व्हॅनवॉल झाली, दोन मुलं हाताखाली आली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. २५०एफ च्या बॅचमधल्या चौदा गाड्या गेल्या होत्या, अकरा बाकी होत्या. तेव्हा मला त्याच दिवसाचा दुसरा एक फोटो मिळाला, डाव्या बाजूचा, स्वच्छ. मी मास्टर केला तो ज्या फोटोवरून, त्यात मेकॅनिकचा कोपर बॉनेटवर आलेला होता, आणि त्या कोपराखाली एक लूव्हर, म्हणजे बॉनेटवरची हवा जायची फट, होता. मी धरला नव्हता. डाव्या ओळीत आमच्या गाडीला एक लूव्हर कमी, आणि ओळ भरायला म्हणून मी बाकीच्यांमधलं अंतर वाढवून घेतलेलं. मी ते कोणालाच सांगितलं नाही. पार्टनरलाही नाही. पुढच्या साच्यात दुरुस्त करू असं मनाशी ठरवलं आणि गप्प बसलो, ही माझी चूक, आणि ती मी कुठेही लपवत नाही आता.

तीन-चार महिन्यांनी एका फर्मची २५०एफ बाजारात आली, नाव घेणार नाही. १:८, रेझिन, आमच्यापेक्षा खूप स्वस्त. अकरापैकी नऊ ऑर्डर आठवड्याभरात रद्द झाल्या. मी ओळखीच्या एकाकडून त्यांची एक गाडी बघायला मागून आणली. टेबलावर ठेवल्याबरोबर पोटात गोळा आला कारण नाकाचा उतार माझा होता, तो उतार मी ठोकळ्यावर चार वेळा घासलाय, तो मला हाताने कळतो. कॅलिपर लावला. पुढच्या सस्पेन्शनच्या भोकापासून मागच्या भोकापर्यंत, बॉडीवर, २८२ आणि वर अर्धा. आमच्या विकलेल्या बॉडीवर कोणीतरी परत साचा घेतला की एवढंच आकसणार. चॅसीही ट्यूबची नाही, अख्खी रेझिनची ओतलेली, चाकं प्लास्टिकची.

पण मापावरून काही सिद्ध होत नाही, कोणीही म्हणेल आमचं माप चुकलं. मी बॉनेट वळवलं आणि डाव्या ओळीतले लूव्हर मोजले. एक कमी. अंतरही तसंच वाढवलेलं.

म्हणजे माझ्याकडे पुरावा होता, आणि तो दाखवायचा तर आधी सांगायला लागणार होतं की आमच्या चौदा गाड्या चुकीच्या आहेत. दोन दिवस मी वर्कशॉपला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पार्टनरला सगळं सांगितलं, तो काहीच बोलला नाही, जिगवर एक चाक अर्धं होतं ते त्याने पुरं केलं आणि मग म्हणाला, "चौदाही जणांना कळव." कळवलं. त्या फर्मलाही दोन्ही फोटो आणि मापं पाठवली. त्यांचं उत्तर आलं की एकाच फोटोवरून दोघांनीही काम केलं असेल. त्या ओळीचा राग माझा अजून गेलेला नाही. फोटो एकच असू शकतो हो, पण कोपराखालची जागा भरायला प्रत्येक लूव्हरमधलं अंतर किती वाढवायचं हे मी माझ्या मनाने ठरवलं होतं, ते फोटोत नव्हतं.

गिऱ्हाइकांपैकी बरेच जण म्हणाले राहू दे, दिसत नाही. काकांचा फोन आला नाही. आठ दिवसांनी त्यांची गाडी आली, स्वतः पॅक केलेली, आत कागदावर एवढंच, "मोजून पाठव." मी फोन केला तर म्हणाले, "चूक होते रे, पण तुला कळल्यावर तू मला सांगायला किती महिने घेतलेस ते मी मोजतोय." मला उत्तर नव्हतं.

लूव्हर नुसता एक वाढवून चालत नाही, सगळी ओळ परत आखावी लागते. म्हणून बॉनेटची अख्खी डावी पट्टी नवीन केली, ०.५ च्या पत्र्याची, स्टीलचा डाय करून एकेक लूव्हर दाबून काढला. मग रंग. जुन्या लाल रंगाला नवा जुळवणं म्हणजे काय हे रंगकाम करणाऱ्यालाच कळेल, आम्ही शेवटी अख्खी गाडी सोलून परत रंगवली, आणि खालचा थर पूर्ण सुकल्याशिवाय लॅकर मारायचा नाही कारण खालच्या इनॅमलला सुरकुत्या पडतात, म्हणजे एका गाडीला दीड महिना. राहू दे म्हणणाऱ्यांच्यासुद्धा मागवून घेतल्या. चौदाही फुकट केल्या. त्या वर्षात नवीन काम जवळपास नाही, हाताखालची दोन्ही मुलं गेली, लहान लेथ विकला. आणि पार्टनर नोकरीला लागला. त्याला मी कधीच दोष देणार नाही, त्याच्या घरी खर्च होता आणि चूक माझी होती. जाताना जिग घेऊन जा म्हणालो तर म्हणाला इथेच राहू दे, मी रविवारी येऊन चाकं करीन. तो येतो अजून. चाकं त्याचीच असतात.

काकांनी दुरुस्त गाडी भिंगातून बघितली, डावी ओळ दोनदा मोजली, आणि दुसरी ऑर्डर दिली. त्या ऑर्डरवर आम्ही ते वर्ष काढलं. त्यानंतरचं सगळं ठीक आहे, काम भरपूर आहे, एक मुलगी आहे आता हाताशी, तिचा डाख माझ्यापेक्षा साफ.

ती फर्म अजून तीच गाडी विकते. लूव्हर अजून एक कमी आहे. कोणी आमची २५०एफ बघून "ती अमक्यांची ना" म्हणालं की मी पट्टी काढून मापून दाखवतो, समोरच्याला कंटाळा आला तरी.

मागच्या महिन्यात एक जण त्यांची गाडी घेऊन आला. रंग पोपडे होऊन सुटत होता, रेझिनवरचं साच्याचं तेल न धुताच प्रायमर मारला की असं होतं, आणि टायरमधल्या तेलाने प्लास्टिकची रिम खाऊन टाकली होती. त्याने बिचाऱ्याने पैसे साठवून घेतलेली, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणाला रंग करून द्या आणि तुमची तारांची चाकं लावून द्या, लागतील ते पैसे देतो. मी रंग काढला, बॉडी धुतली, परत रंगवली. बॉनेटची डावी पट्टी कापून नवीन बसवली, पूर्ण लूव्हर, मोजून, तिचे पैसे घेतले नाहीत. त्याला चाकं दुसरीकडून आणायला सांगितली. आमची दिली नाहीत.