डावा हात राखीव : फिस्टुलाचा माझा अनुभव

किडनीच्या पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण "क्रिएटिनिन किती?" एवढंच विचारतो. हाताच्या शिरा कशा आहेत, हे मला विचारणारे पहिले आमचे नेफ्रॉलॉजिस्ट. माझा जीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, तेव्हा १८ वर आला होता. बीपीचं दुखणं जुनं, साखर नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि म्हणाले, "मॅडम, लिहिता कोणत्या हाताने?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, खडू उजव्या हातात. "मग आजपासून डावा हात डायलिसिसच्या फिस्टुलासाठी राखीव. त्या हाताला सुई नाही, सलाईन नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही. रक्त काढायचं तर उजव्या पंजाच्या मागून."

मी तेव्हा चांगली हिंडतफिरत होते, शाळा चालू होती. त्यामुळे "आत्तापासून कशाला?" हे घरात सगळ्यांचंच मत पडलं. पण फिस्टुला ऑपरेशन झालं की लगेच वापरता येत नाही, त्याला तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. फिस्टुला करताना धमनी आणि शीर हातातच एकमेकींना जोडतात. धमनीचं जोरातलं रक्त थेट शिरेत घुसतं, त्या दाबाने शीर हळूहळू रुंद होते आणि तिची भिंत जाड होते. मग तिच्यात आठवड्यातून तीनदा जाड सुया घालता येतात. मशीनला मिनिटाला तीनेकशे मिली रक्त लागतं, साधी शीर ते देऊच शकत नाही. ही तयारी नसताना अचानक डायलिसिसची वेळ आली, तर मानेत नळी घालतात. नळीला इन्फेक्शनची भीती असतेच, शिवाय छातीतली मोठी शीर आकसली तर त्या बाजूचा हात पुढे फिस्टुलालाही कामाचा राहत नाही. माझ्या ओळखीत बहुतेकांची सुरुवात मानेतल्या नळीनेच झाली, आणि वेळ नव्हता म्हणून नव्हे. कुणी आधी सांगितलंच नाही म्हणून.

मग हाताचा डॉप्लर झाला. सोनोग्राफीसारखाच प्रकार: दंडाला रबरी पट्टा आवळतात, जेल लावतात आणि मनगटापासून वर एकेक शीर मोजत जातात. रेडिओलॉजिस्ट बाई आकडे सांगत होत्या, मदतनीस लिहून घेत होता. मनगटाजवळची शीर १.६ मिलिमीटर आणि मधेच कडक, बुजलेली. "इथे कधी सलाईन लागलं होतं का?" लागलं होतं. काही वर्षांपूर्वी डेंग्यूत ॲडमिट होते, तेव्हा त्याच जागी इंट्राकॅथ (सलाईनची नळी) दिवसेंदिवस ठेवलं होतं, हात सुजून लाल झाला तरी. तेव्हाही माझं क्रिएटिनिन वाढलेलं होतं आणि ते केसपेपरवर लिहिलेलंही होतं. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. पण किडनीच्या पेशंटच्या शिरा वाचवायच्या असतात, हे तिथल्या कुणालाच सुचलं नाही, याचा राग अजून आहे.

दुसरी गोष्ट धमनीची. मनगटाच्या धमनीच्या भिंतीत स्क्रीनवर पांढरे ठिपके दिसत होते. कॅल्शियम. मला वाटलं, बोअरच्या पाण्याने नळाला आतून क्षार धरतो तसलं काहीतरी. डॉक्टर म्हणाले, तसं नाही, हे भिंतीच्या आतच होतं. किडनी थकली की रक्तातला फॉस्फरस बाहेर पडत नाही, साठत जातो. मग धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूच्या पेशी आपलं काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तिथे कॅल्शियम जमा होतं. धमनी ताठ होते, वरचं बीपी चढतं, हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. किडनीच्या कितीतरी पेशंटना डायलिसिसच्या आधी हृदयच दगा देतं, हे त्यांनी मला सरळ सांगितलं. ऐकायला जड गेलं, पण फॉस्फरस कमी करायची गोळी जेवताना मधेच का घ्यायची, हे त्यानंतर मला कुणाला विचारावं लागलं नाही. जेवणातल्या फॉस्फरसला ती पोटातच पकडते, उपाशीपोटी घेऊन उपयोग शून्य. आणि डाळीतल्या फॉस्फरसपेक्षा काळी कोल्ड्रिंक, प्रोसेस्ड चीज असल्या पाकीटबंद मालातला फॉस्फरस फार पटकन रक्तात उतरतो. वरण बंद करून बिस्किटं खाणारे पेशंट मी पाहिलेत. (किती खायचं ते आपल्या डाएटिशियनलाच विचारा, माझा तक्ता तुम्हाला चालेलच असं नाही.)

मनगटावरचा फिस्टुला ही मूळ पद्धत, १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडली. नाव ब्रेशिया आणि सिमिनो यांचं झालं, टाके घालणारे सर्जन ॲपेल मागे राहिले. माझं मनगट बाद झाल्यामुळे कोपराशी करायचं ठरलं, तिथली शीर ३ मिलिमीटरच्या वर होती. कोपराच्या फिस्टुलाला रक्त जास्त मिळतं, पण पंजाचं रक्त पळवलं जाऊन बोटं गार पडू शकतात, हे आधीच सांगून सही घेतली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच. हात बधिर केला, मी जागी होते, तासा-दीड तासात बाहेर. संध्याकाळी सिस्टरने माझीच बोटं धरून पट्टीच्या वरच्या बाजूला ठेवली. कातडीखाली सारखी थरथर. तिला थ्रिल म्हणतात. सकाळी उठल्यावर आणि झोपताना ती तपासायची, आणि थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच तासाला फोन करायचा, कारण गुठळी काढायला हातात वेळ फार थोडा असतो. जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं किंवा बीपी फार उतरलं तरी गुठळीची भीती असते.

त्या हाताने घागर उचलायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, घड्याळ नाही, घट्ट बांगड्या नाहीत. डाव्या हातातला हिरवा चुडा उतरवला तेव्हा मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी बोलणार. त्या म्हणाल्या, "उजव्यात दुप्पट भर गं, कोण मोजतंय."

टाके निघाल्यावर बॉल दाबायचा व्यायाम सुरू झाला. वर्गात मुलं शुद्धलेखन लिहीत असताना मी टेबलाखाली बॉल दाबत बसायचे. पण दीड महिन्याने डॉप्लर केला तर शीर ४ मिलिमीटरवरच अडकलेली, रक्ताचा वेगही अपुरा. जोडाच्या थोडं पुढे शीर आकसली होती. ६ मिलिमीटर रुंदी आणि मिनिटाला ६०० मिली प्रवाह असला की फिस्टुला तयार धरतात. शेवटी बारीक तारेवरून फुगा नेऊन ती जागा रुंद केली. फुगा फुगवताना जे दुखतं, त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. ऑपरेशनपेक्षा तेच जास्त लागलं. पण थ्रिल त्याच दिवशी दुप्पट जाणवायला लागली आणि पुढच्या डॉप्लरमध्ये आकडे बसले.

डायलिसिस त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी लागलं. मानेला नळी न लावता, थेट हातावर. पहिल्या वेळी बारीक, १७ नंबरच्या सुया आणि मशीनचा पंप मिनिटाला २०० मिलीवर. एक सुई रक्त मशीनकडे नेते, दुसरी परत आणते. बोटं थोडी गार राहतात, मशीनवर असताना हातमोजा घालते. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. फिस्टुलाचंही विचारा, रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला गाठा.

आता भांडण एकच उरलंय. सुई सोपी जाते म्हणून काही टेक्निशियन दर वेळी त्याच जागी टोचतात. तिथली भिंत पातळ होऊन फुगवटा येतो. मी हात पुढे करायच्या आधीच सांगते, "मागच्या खुणेपासून बोटभर वर." काही जण तोंड वाकडं करतात, पण वर टोचतात.